मेथीचा उतारा

साठी उलटल्यावर बाईमाणसाला चोरून करण्यासारखं फार काही उरत नाही. मला मेथी उरली होती.

नुसती मेथी नाही. पालक, आंबाडी, चवळीची कोवळी पानं, चुका आणि चण्याची डाळ घालून केलेली पातळ भाजी, आणि थंडीत सांबारवडी. आम्ही नागपूरकर कोथिंबिरीला सांबार म्हणतो. मूठभर नाही, जुडीच्या जुड्या चिरून मसाल्यात परततो, बेसनाच्या पारीत गुंडाळतो आणि तळून कढीबरोबर खातो. तर जे जे हिरवं आणि पानांचं, ते सगळं आमच्या मनीषनगरच्या घरात चार वर्षांपासून बंद होतं. कारण माझं हृदय.

लहानपणी सांधे सुजवणारा ताप आला होता, त्यानं हृदयातली एक झडप खराब करून ठेवली. मी तिच्यासकट शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाले आणि झडपेनंही राजीनामा दिला. मग रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात छाती उघडून तिथे धातूची नवीन झडप बसवली. धातूवर रक्त गोठायला बघतं, गुठळी झाली तर ती मेंदूपर्यंत जाऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभराची. ती कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून दर महिन्याला रक्ताची एक तपासणी करायची, तिचं नाव आयएनआर. माझा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये असायला हवा. वर गेला म्हणजे रक्त फारच पातळ झालं.

घरी सोडण्याच्या दिवशी डॉक्टरांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं. मी गुंगीत होते, मान हलवत होते. ऐकलं ते माझ्या नवऱ्यानं. आणि माझ्या नवऱ्यानं ऐकणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्यांचा सगळा जन्म कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेला. समोर काचेमागे काटे, आणि काटा जरा इकडेतिकडे झाला की उठायचं. दर तासाला नोंद. निवृत्तीनंतर आम्ही कॉलनीतलं क्वार्टर सोडून मनीषनगरात फ्लॅट घेतला, तेव्हा त्यांच्यापुढे बघायला एकही काटा उरला नव्हता. सहा महिने ते अस्वस्थ होते. गॅसच्या सिलिंडरवर तारीख लिहीत, पाण्याच्या टाकीची पातळी वहीत टिपत. मग माझा आयएनआर आला आणि त्यांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं.

फ्रिजवर तक्ता लागला. तारीख, आकडा, गोळी किती, पाऊण की सव्वा. गोळी ते स्वतः कापत, रोज संध्याकाळी सहाला स्वतः माझ्या तळहातावर ठेवत आणि गिळेपर्यंत उभे राहत. तक्त्याच्या डोक्यावर लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, पालेभाज्या बंद.

जवळजवळ दोन वर्षं मी इमानानं लवकी, म्हणजे दुधी, तुरई, बटाटे आणि पिठलं खाल्लं. आंबाडीवर हिरव्या मिरच्यांची फोडणी पडली की शेजारच्या फ्लॅटमधून वास यायचा. मी खिडकी लावून घ्यायची, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उघडायची.

मग माझी मैत्रीण या गोष्टीत आली. ती पोस्टात काउंटरला होती, माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेली, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. सकाळी साडेसहाला आम्ही दोघी बागेत चालायला जायचो. चालणं म्हणजे चार चकरा आणि मग बाकावर बसणं. एका डिसेंबरात तिनं पिशवीतून दोन कप्प्यांचा डबा काढला. खाली ज्वारीची भाकर, वर पातळ भाजी, तिच्यात शेंगदाणे. तिला सकाळी गोळी घेण्याआधी काहीतरी खावं लागायचं. ती जेवू लागली आणि मी तिच्या डब्याकडे बघू लागले. तिनं एक घास केला आणि माझ्यासमोर धरला.

"खाय वं एक. एका घासानं काय होते?"

एका घासानं खरंच काही झालं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी दोन खाल्ले. आठवड्याभरात ती माझ्यासाठी वेगळी वाटी आणू लागली आणि महिन्याभरात डबा तीन कप्प्यांचा झाला.

मी तीस वर्षं वर्गात कॉप्या पकडल्या आहेत. पोरं कुठे काय लपवतात आणि कशानं पकडली जातात ते मला पाठ होतं, त्यामुळे मी चुका केल्या नाहीत. खाऊन झालं की बागेच्या नळावर चूळ, मग बडीशेप, मग आणखी एक चकर, म्हणजे वास उडून जातो. बोटं रुमालाला न पुसता गवताला पुसायची. फक्त एकदा घरी आले तेव्हा नवरा दारातच थांबून माझ्या तोंडाकडे बघू लागला. पुढच्या दोन दातांमध्ये पालकाचं पान अडकलं होतं. मी म्हटलं, बागेत कुणाचा तरी वाढदिवस होता, त्यांनी पान दिलं. त्यांनी विचारलं की सकाळी सात वाजता पान कोण वाटतं. मी म्हटलं, बनारसचे लोक आहेत. त्यांना ते पटलं.

महिन्याच्या तपासणीत मात्र भाजी बोलू लागली. आकडा खाली आला. दोन, कधी एक पूर्णांक आठ. हृदयाचे डॉक्टर शांत स्वभावाचे, वयस्कर गृहस्थ. ते चष्म्यावरून बघत विचारायचे, खाण्यात काही बदल? पालेभाजी वगैरे वाढली का? मी तोंड उघडायच्या आत नवरा छाती काढून सांगायचा की पालेभाजी आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. मी मान डोलवायची. आणि ते अक्षरशः खरं होतं, भाजी उंबऱ्याच्या आत येतच नव्हती. डॉक्टर मग गोळी पाव हिश्श्यानं वाढवायचे. आकडा जागेवर यायचा. थंडीत सांबारवड्या सुरू झाल्या की पुन्हा खाली जायचा, पुन्हा पाव गोळी वाढायची. असे दोन हिवाळे गेले. डॉक्टर गोळी वाढवत होते, मैत्रीण भाजी वाढवत होती, आणि माझा आकडा मधल्यामध्ये सुखात होता. मला वाटायचं, आमचं तिघांचं किती छान जमून गेलंय.

यंदा मार्चच्या सुरुवातीला मैत्रिणीच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि ती तीन महिन्यांसाठी पुण्याला गेली. जाताना तिनं मला भाकरीच्या पिठापासून फोडणीपर्यंत सगळं समजावलं, पण माझ्या स्वयंपाकघरात दिवसभर कंट्रोल रूम चालू असायची, तिथे मेथी निवडणार कुठे? माझी भाजी एका दिवसात बंद झाली. पहिले चार दिवस जड गेले. नंतर मला स्वतःबद्दल बरं वाटू लागलं. म्हटलं, चला, आपण खरोखरच पथ्यावर आलो. इतकी वर्षं नवऱ्याला फसवलं, आता निदान तक्त्यावरचं खरं होईल. देवासमोर दिवा लावताना मी तेवढं बोलूनही घेतलं.

चोरी करत होते तोवर मला काही झालं नाही. सोडली आणि पकडली गेले.

तिसऱ्या आठवड्यात दंडावर जांभळे डाग दिसले. कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. दात घासताना थुंकी लाल येऊ लागली. मी नवऱ्याला सांगितलं नाही, कारण ते लगेच तक्ता घेऊन बसले असते, आणि तपासणी तशीही पुढच्या सोमवारी होती. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला आणि ब्रश मऊ घेतला.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास मी पेपर वाचत होते. पेपरावर नाकातून एक लाल थेंब पडला, मग दुसरा, मग थेंब थांबून धारच लागली. नवऱ्याला वाटलं घोळणा फुटला. नागपुरात मार्च सरत आला की कुणाचा ना कुणाचा फुटतोच. त्यांनी मला मोरीत वाकवलं आणि डोक्यावर माठातलं पाणी ओतायला सुरुवात केली.

"गरमीनं होऊन राहिलं," ते म्हणत होते. "हलू नको वं. आता थांबते."

अर्धा माठ रिकामा झाला. थांबलं नाही. कांदा हुंगवला, नाक चिमटीत धरलं, बर्फ लावला. तर रक्त मागे घशात उतरू लागलं आणि मला मळमळलं. मोरीतलं पाणी लालच राहिलं, तेव्हा त्यांनी माझी ओली बाही वर केली आणि दंडावरचे डाग बघितले. आत जाऊन माझी फाइल, तक्ता आणि गोळ्यांची डबी पिशवीत टाकली आणि गाडी काढली. वर्धा रोडनं रामदासपेठेपर्यंत मी पंचा नाकाशी धरून बसले होते आणि ते प्रत्येक सिग्नलला माझ्याकडे बघत होते. मला भीती वाटली ती त्यांच्या गप्प बसण्याची. एरवी ते सिग्नलचे सेकंद मोठ्यानं मोजतात.

दवाखान्यात पोचताच एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझा ताबा घेतला. सुई टोचून रक्त तपासायला पाठवलं, आणि नाकाच्या डॉक्टरांना बोलावून माझ्या दोन्ही नाकपुड्यांत फुगणाऱ्या स्पंजच्या लांब पट्ट्या आतपर्यंत सारल्या. त्याचं वर्णन मी करणार नाही, जेवायच्या वेळी कुणी हे वाचत असेल. नाक गच्च बंद झालं. धार थांबली, पण घशात अजून पाझर होता. अर्ध्या तासात तपासणी आली. साडेतीनच्या आत हवा असलेला आकडा नऊच्या वर गेला होता.

हृदयाचे डॉक्टर आले तेव्हा मला बरं वाटलं. त्यांनी आधी डोकं दुखतंय का, दिसतंय का नीट, हातपाय उचलता येतात का ते पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले की याच्यावर उतारा आहे. रक्त पातळ करणारी ही गोळी शरीरातल्या के जीवनसत्त्वाच्या कामात आडवी येते. तेच जीवनसत्त्व शिरेतून दिलं की रक्ताची गोठण्याची ताकद काही तासांत परत येऊ लागते. पण तुम्हाला धातूची झडप आहे. उतारा जास्त झाला तर रक्त उलट्या टोकाला जाईल, झडपेवर गुठळी होईल, आणि मग पुढचे कित्येक दिवस गोळी देऊनही ती लागू पडणार नाही. म्हणून तो अगदी मोजून, थोडा, हळूहळू द्यायचा. रक्त पुन्हा उसळलंच तर रक्त गोठवणारे घटक थेट देता येतात, ते इंजेक्शन मागवून ठेवलंय, पण तुमच्या बाबतीत त्याला हात न लावता निभावलं तर मला हवंय.

"मात्र मला एक कळलं पाहिजे," ते म्हणाले. "आकडा एवढा चढला कशानं? हे चुकून एकदाच झालंय की डोसच चुकलाय, त्यावर पुढचं सगळं ठरेल."

त्यांनी विचारायला सुरुवात केली. नवीन औषध? नाही. अँटिबायोटिक, दुखण्याची गोळी, कुणाचा काढा? नाही. दारूचं विचारताना ते माझ्याकडे बघून जरा संकोचले. नाही. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

गोळ्या कोण देतं, असं त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, मीच देतो. दोनदा दिली गेली असेल का? अर्धीच्या जागी पूर्ण? सव्वा आणि पावणेदोन यात घोटाळा? नवरा म्हणाला, शक्य नाही, आणि तक्ता काढून पलंगावर पसरला. डॉक्टरांनी तो वाचला आणि सौम्यपणे म्हणाले की माणसाच्या हातून होऊ शकतं, या वयात होतंच, रागावण्यासारखं काही नाही, फक्त खरं कळू द्या. डबीतल्या गोळ्या मोजून बघाल का?

नवऱ्यानं डबी स्टीलच्या ट्रेमध्ये उपडी केली. अख्ख्या गोळ्या एकीकडे, अर्ध्या एकीकडे, पाव तुकडे एकीकडे. मोजल्या. तक्त्याशी ताळा केला. एक अर्धी कमी भरत होती. त्यांनी पुन्हा मोजल्या. एक तुकडा ट्रेमध्ये घरंगळत गेला. तिसऱ्यांदा मोजून ते स्टुलावर बसले. हा माणूस कोराडीत एकदा सलग दोन पाळ्या उभा राहिला होता आणि घरी येऊन फक्त चहा मागितला होता.

"माझ्याच हातून झालं असंन," ते म्हणाले, डॉक्टरांना नाही, जमिनीकडे बघत. "आजकाल चष्मा लावूनही बारीक दिसत नाही मले."

अर्ध्या गोळीनं आकडा नऊवर जात नाही, एवढं मलाही कळत होतं. पण त्यांना ते कळण्याच्या पलीकडे ते गेले होते. मी दोन वर्षं या माणसाला बनारसचे लोक सांगितले होते, आणि आता तो माझ्या रक्ताचा आळ स्वतःवर घेऊन बसला होता. मला तिथे पडून राहवेना. मी त्यांचा हात धरला आणि शक्य तेवढ्या स्पष्टपणे म्हणाले, मी मेथी खाल्ली.

पण माझं नाक बंद होतं. मी तीस वर्षं मुलांना शिकवलं की म आणि न ही अनुनासिकं आहेत, नाकातून हवा गेल्याशिवाय त्यांचा उच्चार होत नाही. ते किती खरं आहे हे त्या दिवशी कळलं. तोंडातून आलं ते असं:

"बी बेथी खाल्ली."

"बेटी?" नवरा म्हणाला. "बेटीले बोलावू?" त्यांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, मी निरोपाचं बोलते आहे. त्यांनी खिशातून फोन काढला आणि बंगळुरूला मुलीला लावायला घेतला.

मी मान जोरात हलवली. डॉक्टरीणबाई धावल्या, डोकं हलवू नका म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं, बेथी, बेथी. मग पालकावर गेले, त्यात म नाही, न नाही. "पालक," मी म्हटलं.

"पालकांचं काय?" नवऱ्यानं विचारलं. माझे आईवडील जाऊन वीस वर्षं झाली आहेत.

शेवटी मी हवेत लिहिण्याची खूण केली. डॉक्टरीणबाईंनी एक कागद आणि पेन दिलं. मी निजल्या निजल्या लिहिलं: मेथी, पालक, आंबाडी, पातळ भाजी. रोज. बागेत. दोन वर्षं. तीन आठवड्यांपासून बंद. खाली सवयीनं रेघ मारली.

नवऱ्यानं कागद वाचला. डॉक्टरांनी वाचला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं की मला राग यावा. त्यांना उत्तर सापडलं होतं. ते म्हणाले की के जीवनसत्त्व सगळ्यात जास्त कशात असतं, तर याच्यातच. म्हणजे मी दोन वर्षं रोज सकाळी बागेत बसून स्वतःच उतारा खात होते, आणि ते त्या उताऱ्याला पुरून उरेल एवढी गोळी वाढवत होते. उतारा अचानक थांबला, गोळी मात्र तेवढीच राहिली.

तरी त्यांना अंदाज हवा होता की भाजी किती. वाटीभर की चमचाभर, रोज की आठवड्यातून दोनदा. कारण इथून पुढे किती गोळीवर मला ठेवायचं ते त्यावरून ठरणार होतं. माझ्या बोलण्याचा भरवसा नव्हता, दोन्ही अर्थांनी. मी मैत्रिणीचा नंबर दाखवला. डॉक्टरांनी स्वतः पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

तिला मी नीट पढवून ठेवलं होतं, आणि ती पढवल्याप्रमाणे वागली. डॉक्टरांनी भाजीचं विचारताच ती म्हणाली की कोणती भाजी, आम्ही तर फक्त फिरायले जात होतो, ती बाई तर पाल्याकडे बघतही नव्हती. इतकं बेमालूम बोलली की मलाच क्षणभर पटलं. डॉक्टरांनी सांगितलं की मी दवाखान्यातून बोलतोय, त्या माझ्यासमोर आहेत, त्यांनी कबूल केलंय, फक्त प्रमाण सांगा. पलीकडून नवजात बाळाचं रडणं तेवढं ऐकू आलं.

"आहे नं ती बरी?" तिनं विचारलं. बरी आहे म्हटल्यावर तिचा बांध फुटला. "डॉक्टर साहेब, मी तिले जबरदस्ती नाही केली. एक वाटी देत होती मी, तीच दुसरी मागून राहिली होती. रोज दोन वाट्या, रविवार सोडून. अन् थंडीत सांबारवड्या. चार-पाच. कधी सहा."

नवऱ्यानं हे सगळं ऐकलं. सहा या आकड्याला त्यांची मान किंचित हलली.

मग उतारा आला. एका छोट्या कुपीतलं पिवळसर औषध, सलाईनच्या लहान बाटलीत मिसळलेलं. दोन वाट्या पातळ भाजीच्या मानानं ते इतकंसं होतं की मला अपमान वाटला. नर्सबाईंनी थेंब अगदी संथ लावले आणि माझ्या शेजारीच थांबल्या. या औषधानं क्वचित कुणाला दम लागतो, अंगावर लाली येते, म्हणून संपेपर्यंत हलायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. केरळच्या होत्या, मराठी छान बोलायच्या. वेळ जावा म्हणून त्यांनी मला विचारलं की सांबारवडी म्हणजे काय, त्यांच्याकडे सांबारात वडा बुडवतात. मी बंद नाकानं समजवायला लागले. सांबारचं साबार झालं, बेसनाचं बेसद झालं, पण पारी, तीळ, खसखस सगळं नीट पोचलं. त्यांनी ते हातावर पेनानं लिहून घेतलं.

इकडे नवरा डॉक्टरांशी बोलत होता. त्यांचा आवाज परत आला होता. ते म्हणत होते की साहेब, तुम्हीच सांगितलं होतं, पालेभाज्या बंद. डॉक्टर म्हणाले, मी असं कुणालाच सांगत नाही. खा, पण रोज सारखं खा, एवढंच सांगतो, आणि ते छापील कागदावर देतो. नवरा म्हणाला, माझ्यासमोर सांगितलं. डॉक्टरांनी माझी फाइल उघडली. सगळ्यात मागे, प्लास्टिकच्या पिशवीत, चार वर्षांपूर्वीचा कागद होता, घडीसुद्धा न मोडलेला. त्यांनी तो नवऱ्याच्या हातात दिला. नवऱ्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि शाळेतल्या मुलासारखं मोठ्यानं वाचलं:

"पालेभाज्या पूर्ण बंद करू नयेत. रोजच्या आहारातील त्यांचे प्रमाण सारखे ठेवावे. अचानक वाढवू किंवा कमी करू नये."

वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटून मागची बाजूही बघितली. मला हसू आलं असतं, पण माझीही बाजू लंगडी होती. आयुष्यभर मी परीक्षेत मुलांना उतारा देत आले, तो नीट वाचून खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगत आले. हा एवढासा उतारा माझ्याच नावच्या फाइलमध्ये चार वर्षं पडून होता आणि मी तो उघडलासुद्धा नव्हता.

दुपारनंतर घशातला पाझर थांबला. संध्याकाळच्या तपासणीत आकडा साडेपाचवर आला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी तीनच्या थोडा वर. डॉक्टर म्हणाले, बरोबर इथेच थांबवायचं होतं. ते महागडं इंजेक्शन न फोडता परत गेलं. तिसऱ्या दिवशी नाकातल्या पट्ट्या काढल्या, आणि मी पहिला शब्द म्हटला तो मेथी, फक्त म येतो का ते बघायला. गोळी पूर्वीपेक्षा बरीच कमी करून पुन्हा सुरू झाली.

नवरा माझ्याशी नीट बोलत होता, पण नीट म्हणजे फार नीट. पाणी देऊ का, उशी हवी का. घरी जायच्या दिवशी, मी पलंगावर बसून चपला घालत असताना ते म्हणाले, "मले सांगायचं होतं नं."

मी म्हटलं, तुम्ही खाऊ दिलं नसतं.

"नसतं दिलं," ते म्हणाले. पिशवीची चेन लावत पुढे म्हणाले, "पण मी बी तुझ्यासंगं चार वर्षं लवकी खाऊन राहिलो, तेवढं तं ध्यानात घेतलं असतं."

हे मी खरोखरच कधी ध्यानात घेतलं नव्हतं. कॉलनीत असताना मेथीचे पराठे ते एकावेळी पाच खायचे. घरात पालेभाजी बंद झाली तेव्हा ती त्यांचीही बंद झाली होती, आणि त्यांना डबा आणणारी मैत्रीण नव्हती. मी चप्पल घालायची थांबले. त्यांच्या बाहीवरचा एक धागा काढला.

घरी आल्यावर त्यांनी फ्रिजवरचा जुना तक्ता उतरवला आणि नवीन लावला. त्यात एक रकाना वाढला होता, हिरवं, एक वाटी, दुपारी एक. पहिल्या दिवशीची भाजी ते स्वतः करणार म्हणाले. मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. त्यांनी पुण्याला फोन लावला, आणि माझ्या मैत्रिणीनं बाळाला मांडीवर घेऊन त्यांना पातळ भाजी शिकवली. मला बाहेर ऐकू येत होतं. चुका किती, डाळ किती भिजलेली, शेंगदाणे केव्हा. ते प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये विचारत होते आणि ती मुठीत सांगत होती. एकदा ती म्हणाली, "अंदाजानं टाका नं हो भाऊजी," तेव्हा ते म्हणाले की अंदाजानंच तर हे सगळं झालं.

एक वाजता वाटी माझ्यासमोर आली. रंग बरा होता. मी पहिला घास घेतला. मीठ दुप्पट पडलं होतं, आणि डाळ दाताखाली कच्ची लागत होती. ते समोर उभे होते, गोळी देताना उभे राहत तसेच, गिळेपर्यंत.

"कशी झाली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, छान झाली, तिच्यापेक्षाही छान. डॉक्टरांना मी वचन दिलं होतं की यापुढे खाण्याच्या बाबतीत एक अक्षर खोटं बोलणार नाही, पण यानं काही आकडा हलणार नव्हता. मी वाटी पुसून खाल्ली. मग ते स्वतःचं ताट घेऊन बसले, भाजीत भाकर बुडवली, पहिला घास तोंडात टाकला आणि चावायचे थांबले. माझ्याकडे बघितलं. मी तोंडाला पदर लावला. ते उठले, तांब्या भरून आणला, आणि आम्ही दोघांनी ती भाजी पाण्याबरोबर संपवली.